आधी ताळा, मग सफाई

लग्नसराईत बीड, माजलगाव, केज, परळीच्या कुठल्याही फोटो स्टुडिओत रात्री एकच घाई असते, कार्ड रिकामं करायची. आजच्या लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ ६४ जीबीच्या दोन-तीन कार्डांत भरलेले, उद्या दुसऱ्या गावात हळद, आणि कार्डं तीच. मग कोणीतरी कॉम्प्युटरवर डेटा उतरवतं, तारखेच्या फोल्डरात टाकतं, वरचेवर दोन-चार फोटो उघडून बघतं आणि कार्ड साफ करतं. हे रोजचं काम आपोआप व्हावं असं वाटणं साहजिक आहे. कार्ड लावलं की फाइल उतराव्यात, आपापल्या फोल्डरात जाव्यात आणि मूळ जागा मोकळी व्हावी. त्यासाठी लागणारी साधनं विंडोजमध्ये फुकट आहेत, लिनक्सवर तर कधीपासूनच आहेत. साधनांची अडचण नाहीच. पण यातली पहिली दोन कामं चुकली तर पुन्हा करता येतात. तिसरं चुकलं तर लग्न पुन्हा लावता येत नाही.

तेव्हा उतरवणं आणि पुसणं ही दोन कामं एकमेकांपासून तोडा. दोन्ही यंत्रावर सोपवली तरी चालेल, पण दोहोंच्या मध्ये एक ताळा आणि एक मुदत असली पाहिजे. 'कॉपी झाली की लगेच मूळ पुसून टाक' अशी खूण पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या सोयीची म्हणून दिलेली असते. ती सोय नाकारायला शिका.

कट-पेस्टच्या पोटात

एकाच डिस्कवर डाउनलोड्समधली फाइल दुसऱ्या फोल्डरात नेली, तर आतला डेटा जागचा हलतही नाही. फाइल कुठे आहे याची नोंद तेवढी बदलते. म्हणून १० जीबीचा व्हिडिओसुद्धा डोळ्याची पापणी लवायच्या आत 'जातो'. इथे मागे मूळ फाइल उरतच नाही, त्यामुळे साफ करायचंही काही नसतं.

कार्डवरून कॉम्प्युटरवर किंवा कॉम्प्युटरवरून बाहेरच्या हार्डडिस्कवर नेताना गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक फाइल नव्या जागी अक्षर न् अक्षर लिहिली जाते आणि मग जुन्या जागेवरून पुसली जाते. म्हणजे कट-पेस्ट हे नाव एकच असलं तरी आत कॉपी आणि डिलीट अशी दोन कामं एकामागून एक चाललेली असतात. आणखी एक गंमत अशी की विंडोजमध्ये माउसने फाइल ओढली, तर एकाच डिस्कवर ती हलते आणि दुसऱ्या डिस्कवर नेली तर तिची नक्कल होते. पुष्कळांना हे माहीत नसतं, आणि त्यातूनच एकच गोष्ट तीन ठिकाणी साठत जाते.

आता मध्येच वीज गेली असं समजा. बीड जिल्ह्यात हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. कट-पेस्ट चालू असताना वीज गेली, तर काही फाइल तिकडे, काही इकडे आणि एखादी अर्धवट लिहिलेली, अशी स्थिती राहते. त्या अर्धवट फाइलची मूळ प्रत बहुधा शाबूत असते. खरा घोळ होतो तो वीज आल्यावर. दोन्हीकडे थोड्याथोड्या फाइल दिसतात, कोणती पूर्ण आणि कोणती अपुरी ते कळत नाही, आणि माणूस वैतागून 'सगळ्यांना रिप्लेस करा' किंवा 'सगळ्या स्किप करा' यातलं काहीतरी एक दाबून मोकळा होतो. स्टुडिओत कॅमेऱ्याची लेन्स हजारोंची असते आणि यूपीएसची बॅटरी मात्र मेलेली असते. ती आधी बदला.

जुन्या पेनड्राइव्हचा सापळा निराळा. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल बसत नाही, पेनड्राइव्ह रिकामा असला तरी. शेकडो फाइलींत एखादा मोठा व्हिडिओ असा अडतो, संगणक तसं सांगतो, हाताखालचा मुलगा 'स्किप' दाबतो. बाकीच्या फाइल व्यवस्थित जातात आणि पाठोपाठ मूळ फोल्डर पुसलं जातं. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला की ही ४ जीबीची अट उरत नाही.

ताळा कसा घ्यायचा

साधा ताळा म्हणजे फाइलींची संख्या आणि एकूण आकार. दोन्ही फोल्डरांवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज उघडा. तिथे 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' असे दोन आकडे दिसतात. जुळायला हवा तो पहिला, अगदी शेवटच्या बाइटपर्यंत. दुसरा आकडा डिस्कच्या मांडणीप्रमाणे बदलतो, तो वेगळा दिसला म्हणून घाबरू नका आणि तो सारखा दिसला म्हणून खूशही होऊ नका. फाइलींची संख्या कमी भरली तर पुढे जायचं नाही.

पक्का ताळा म्हणजे आतल्या मजकुराचा. त्यासाठी चेकसम नावाची सोय असते. एसएचए-२५६ ही पद्धत फाइल कितीही मोठी असली तरी तिच्यातून ६४ अक्षरांचा एक ठसा काढते, आणि फाइलमधला एक बिंदू बदलला तरी तो ठसा पार वेगळा येतो. मूळ आणि नक्कल यांचे ठसे जुळले म्हणजे नक्कल बरोबर उतरली. हे हाताने करत बसायची गरज नाही. टेराकॉपी या सॉफ्टवेअरमध्ये कॉपीनंतर 'व्हेरिफाय' करण्याची सोय आहे. फ्रीफाइलसिंकमध्ये दोन फोल्डरांची तुलना तारीख-आकारावरून न करता 'फाइल कंटेंट'वरून करता येते. फक्त तुलना करून बघितली आणि 'सिंक्रोनाइझ' दाबलंच नाही, तर एकही फाइल हलत नाही. लिनक्सवाल्यांकडे आरसिंक आहे.

याला वेळ लागतो. सेकंदाला ३० एमबीचा वेग धरला तर ६४ जीबी उतरायला पस्तीस मिनिटांच्या आसपास लागतात, आणि ताळ्यासाठी सगळं पुन्हा वाचावं लागतं म्हणून तेवढाच वेळ आणखी. रात्री साडेबाराला हे जिवावर येतं, कबूल. पण यासाठी माणसाला जागं बसावं लागत नाही. ताळा लावून झोपा आणि सकाळी निकाल बघा.

जाणकारही एक गोष्ट इथे विसरतात. कॉपी संपल्यासंपल्या ताळा घेतला, तर काही वेळा संगणक डिस्कवरून वाचतच नाही. नुकताच गेलेला डेटा त्याच्या मेमरीत असतो, तोच तो वाचून दाखवतो आणि सगळं बरोबर असल्याचं सांगतो. म्हणून बाहेरची डिस्क 'सेफली रिमूव्ह' करून काढा, पुन्हा लावा आणि मग ताळा घ्या.

आणि चेकसम जुळला तरी डोळ्यांचं काम संपत नाही. कार्डवरची मूळ फाइलच बिघडलेली असेल, तर नक्कलही इमानेइतबारे तशीच बिघडलेली उतरेल आणि ठसेही जुळतील. सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे काही फोटो पूर्ण आकारात उघडून पाहा. व्हिडिओची सुरुवात चालते आणि शेवट चालत नाही असं होतं, तेव्हा शेवटचं अर्धं मिनिट जरूर चालवून पाहा. मंगलाष्टकांची आणि सप्तपदीची फाइल तर नेमकी कोणती ते ओळखून पाहा. बाकी काही चुकलं तर यजमान रागावतील, पण ह्या दोन गोष्टी गेल्या तर ते आयुष्यभर बोलून दाखवतील.

रेकॉर्ड रूमकडून शिकण्यासारखं

मूळ कधी पुसायचं हा प्रश्न कॉम्प्युटरच्या फार आधीचा आहे, आणि त्याचं सर्वांत नीट उत्तर आपल्या तहसिलीच्या दप्तरखान्यात मिळतं. हे वाचून काहींना हसू येईल.

२०२३ साली मराठा आरक्षणाच्या प्रश्नावरून मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि बीडसह मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत जुनी दप्तरं उघडली गेली. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुने कागद मोडीत, तसेच उर्दूत. शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, जन्म-मृत्यूच्या नोंदी, महसुली पत्रकं असं सगळं चाळलं गेलं आणि सापडलेल्या नोंदी स्कॅन करून जिल्हा प्रशासनांनी आपापल्या संकेतस्थळांवर टाकल्या. आरक्षणाबद्दल कोणाचं मत काहीही असो, कागद सापडला तो एवढ्याचसाठी की कोण्या कारकुनाने किंवा मुख्याध्यापकाने तो रद्दीत घातला नव्हता. स्कॅन झाल्यावरही मूळ रजिस्टरला जागेवरून हलवायचं नसतं. मोडीच्या वाचनात शंका निघाली, खाडाखोडीवर आक्षेप आला, तर बघायचं ते मूळच. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे, सुमारे ४० फूट लांब कापडावर लिहिलेली. तिचे कितीही चांगले फोटो काढले तरी ते तिची जागा घेणार नाहीत, आणि असं काही फोटो काढणाऱ्याच्या मनातही येत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरच्या बाबतीत मात्र 'स्कॅन झालंय ना, मग कपाट मोकळं करा' असं म्हणणारे भेटतात. मुख्याध्यापकांनी त्यांना चहा पाजून परत पाठवावं.

पण दप्तरखाना म्हणजे सगळंच ठेवणं नव्हे. महसुली कार्यालयांत कागदांचे वर्ग ठरलेले आहेत. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' ३० वर्षं, 'क' १० वर्षं, 'क-१' ५ वर्षं आणि 'ड' १ वर्ष. टेबलावरच्या कागदांसाठी सहा गठ्ठे पद्धत आहे, त्यात नष्ट करायच्या कागदांचा गठ्ठा स्वतंत्र असतो. शेजारच्या अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, तेव्हाचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी १९८०च्या दशकात कार्यालयांची आणि अभिलेखांची जी घडी बसवली, तिला लोक अजून लखिना पॅटर्न म्हणतात. मुदत संपलेले कागद वेगळे काढण्याला सरकारी भाषेत निंदणीकरण म्हणतात. शेतात निंदणी करणाऱ्या बाईला पीक कोणतं आणि तण कोणतं हे आधी ठाऊक असतं, मग खुरपं चालतं. संगणकाच्या हातात आपण खुरपं देतो, पण पीक ओळखायला शिकवत नाही.

दप्तरखान्याच्या या रीतीतून आपल्याला दोन गोष्टी उचलायच्या आहेत. कागद किती दिवस ठेवायचा हे तो दाखल होतानाच त्याच्या प्रकारावरून ठरतं, कपाट भरल्यावर नव्हे. आणि नष्ट केलेल्याची यादी मागे राहते. जागा संपल्यावर घाईत केलेली सफाई नेहमी चुकीच्या फाइलीवर पडते, कारण घाईतल्या माणसाला सर्वांत मोठी फाइल आधी दिसते, आणि स्टुडिओत सर्वांत मोठी फाइल म्हणजे मुख्य विधीचा व्हिडिओ.

मांडणी

आता प्रत्यक्ष रचना. कार्डवरचा डेटा थेट पक्क्या जागी नेऊ नका. कॉम्प्युटरवर 'उतरवलेलं' नावाचं एक फोल्डर ठेवा. कार्ड तिथे जसंच्या तसं ओता, कार्डवरच्या आतल्या फोल्डरांसकट. व्हिडिओ कॅमेरे क्लिपबरोबर छोट्याछोट्या साथीच्या फाइल लिहितात. त्या निरुपयोगी वाटतात, पण एडिटिंगला काही वेळा त्याच लागतात. तिथून तारीख आणि कार्यक्रमाप्रमाणे लावलेली नक्कल पक्क्या साठ्यात जाईल, आणि दुसरी नक्कल बाहेरच्या डिस्कवर. आपोआप साफ करायचं ते हे 'उतरवलेलं' फोल्डर. कार्ड नव्हे. कार्डाची सफाई कॉम्प्युटरवरून करूच नये. दोन्ही नकला ताळ्यात उतरल्या की कार्ड कॅमेऱ्यात घालून तिथेच फॉरमॅट करावं. आणि कार्डांचा एक जास्तीचा संच विकत घ्यावा, म्हणजे कालची कार्डं आजच रिकामी करायची सक्ती राहत नाही. या लेखातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सल्ला हाच आहे.

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराच्या नावावर ३-२-१ असा एक नियम सांगितला जातो. एकूण प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. दुसरी जागा म्हणजे क्लाउडच असायला हवं असं नाही. स्टुडिओ बीडच्या सुभाष रोडला असेल, तर एक डिस्क घरी आईच्या कपाटात ठेवली तरी नियम पाळला गेला. दोन्ही डिस्क एकाच टेबलावर एकाच बोर्डाला लावून ठेवल्या, तर प्रती दोन असूनही संकट एकच पुरतं.

नावांकडे लक्ष द्या, कारण आपोआप लावताना सर्वाधिक नुकसान तिथे होतं. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ पर्यंत जातो आणि पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे एका लग्नात असतील, तर दोघांकडेही ०००१ नावाचा फोटो निघतो. आधीचं नाव तसंच ठेवून एका फोल्डरात दोन्ही ओतले, तर दुसऱ्याने पहिल्याला गिळलं समजा, आणि त्यानंतर मूळ साफ झालं की नवऱ्या मुलाच्या मामाचे सगळे फोटो गेले. म्हणून नक्कल करतानाच नाव बदला. वर्ष-महिना-दिवस, वेळ, मग कॅमेऱ्याची खूण आणि मूळ आकडा. फोल्डरांची नावं मराठीत दिली तरी विंडोजला चालतात, पण एखादं जुनं एडिटिंग सॉफ्टवेअर अडखळतं, तेव्हा पक्क्या साठ्यात नुसते आकडे बरे. कॅमेऱ्याचं घड्याळ लग्नाला निघण्याआधी जुळवा. घड्याळ चुकलेलं असेल तर स्वयंचलित मांडणी तितक्याच शिस्तीने सगळे फोटो चुकीच्या तारखेत नेऊन ठेवते.

ताळा झाला की 'उतरवलेलं'मधलं त्या लग्नाचं फोल्डर 'काढायचं' नावाच्या फोल्डरात हलवा आणि त्याच्या नावापुढे हलवल्याची तारीख लिहा. पुसण्याची मुदत त्या तारखेपासून मोजा. इथे एक खाचखळगा आहे. विंडोजमध्ये इतक्या दिवसांहून जुन्या फाइल आपोआप पुसायला फोरफाइल्स ही आज्ञा आहे, आणि टास्क शेड्यूलरमधून ती रोज रात्री चालवता येते. पण ती बघते फाइल शेवटची कधी बदलली ते. फोटो काढल्यावर बदललेला नसतो. म्हणजे दोन महिन्यांपूर्वीचे फोटो तुम्ही आज 'काढायचं'मध्ये ठेवले आणि मुदत ३० दिवसांची असली, तर ते आज रात्रीच जातील. मुदत फोल्डरच्या नावातल्या तारखेवरून मोजणारी छोटी स्क्रिप्ट कोणा जाणत्या मुलाकडून लिहून घ्या. ते जमत नसेल तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते फोल्डर हाताने रिकामं करा. स्वयंचलित म्हणजे माणूस नकोच असा हट्ट नसावा.

रोबोकॉपी ही नक्कल करण्याची आज्ञा वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द. विंडोज व्हिस्टापासून ती विंडोजमध्येच येते, फार भरवशाची आहे. तिच्यात एमओव्ही असा पर्याय दिला की नक्कल झालेली फाइल मूळ जागेवरून पुसली जाते, पण मजकुराचा ताळा ती स्वतः घेत नाही. तेव्हा हा पर्याय टाळून नुसती नक्कल करा. एमआयआर हा पर्याय तर त्याहून धोक्याचा. तो मूळ आणि नक्कल हुबेहूब सारखं करतो, म्हणजे मूळ जागी नसलेलं सगळं नकलेच्या जागेवरून पुसतो. नुकतंच फॉरमॅट केलेलं रिकामं कार्ड लावून ती आज्ञा चालवली, तर कार्डासारखा रिकामा साठा तयार होतो! कोणतीही नवी आज्ञा आधी एल हा पर्याय जोडून चालवा. तेव्हा ती प्रत्यक्षात काहीही करत नाही, काय केलं असतं त्याची यादी दाखवते. आरसिंकमध्ये याचंच नाव ड्राय-रन. लॉग फाइल लिहायला लावा आणि ती जपा, तीच आपली नष्ट केलेल्या कागदांची यादी.

हेही लक्षात असू द्या की अशा आज्ञांनी पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. पेनड्राइव्हवरून पुसलेलीही साधारणतः जात नाही.

एडिटिंग चालू असलेल्या लग्नाला तर हात लावूच नका. एडियस असो वा प्रीमियर, प्रोजेक्टच्या फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, व्हिडिओ कुठे ठेवलाय त्याचा पत्ता असतो. तुम्ही मागून मूळ फोल्डर हलवलं की सकाळी एडिटरला सगळ्या क्लिप ऑफलाइन दिसतात. नव्या जागी जोडून घेता येतात, पण तोवर अर्धा दिवस जातो आणि उरलेला अर्धा भांडणात. नेहमी एकच रीत ठेवा, एडिटिंग सुरू करायचं ते पक्क्या साठ्यातल्या फाइलींवर, 'उतरवलेलं'वर कधीच नाही.

मुदत किती? माझ्या मते 'उतरवलेलं'साठी एक महिना पुरे. पक्क्या साठ्यातला सगळा कच्चा माल अल्बम आणि व्हिडिओ हाती देऊन पैसे चुकते झाल्यावर वर्षभर ठेवावा, आणि ही मुदत बुकिंगच्या पावतीवर छापावी. बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी लग्नातला आजीचा फोटो मागायला येते, तेव्हा पावतीवरचा नियम दाखवून तिला परत पाठवणं जिवावर येतं, हे खरं. म्हणून निवडलेले फोटो 'अ' वर्गात घाला. त्यांना जागा तरी किती लागते?

फोनमधली सफाई

फोनवर हे सगळं गूगल फोटोज करून देतं, आणि बहुतेक घरांत तेच वापरलं जातं. तिथे 'फ्री अप स्पेस' हा पर्याय क्लाउडवर पोचलेल्या फोटोंच्या फक्त फोनवरच्या प्रती काढतो. पण त्याच अॅपमध्ये फोटो निवडून साधं डिलीट केलं, तर तो फोनवरूनही जातो आणि क्लाउडवरूनही. 'तिकडे आहेच की' म्हणून इकडून पुसणाऱ्यांचे फोटो असेच जातात. सुटका एवढीच की क्लाउडवर पोचलेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो.

दुसरी गोष्ट जास्त छुपी आहे. बॅकअपचा दर्जा 'स्टोरेज सेव्हर' असेल, तर १६ मेगापिक्सेलहून मोठे फोटो आणि १०८०पी हून मोठे व्हिडिओ लहान करून साठवले जातात. मग 'फ्री अप स्पेस' दाबलं की फोनवरची मूळ प्रत जाते आणि उरते ती हलकी नक्कल. घरगुती फोटोंना ते चालतं, छपाईच्या किंवा पुराव्याच्या फोटोंना नाही. १ जून २०२१ पासून फुकटची अमर्याद जागाही बंद झाली आहे. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून १५ जीबी, बस. ती भरली की बॅकअप थांबतो. म्हणून जागा मोकळी करण्याआधी 'बॅकअप पूर्ण' असं लिहिलेलं डोळ्यांनी वाचा.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो ही मूळची नक्कल समजू नका. तो लहान केला जातो, आणि कधी, कुठे काढला ही आतली माहितीही झडते. गारपिटीत झोपलेल्या कापसाचे, वाहून गेलेल्या बांधाचे फोटो तलाठ्याला किंवा कृषी सहायकाला व्हॉट्सअॅपवर टाकले, तरी फोनमधले मूळ फोटो प्रकरण निकाली लागेपर्यंत पुसू नका. पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले तर फाइल जशीच्या तशी जाते. उलट सुप्रभाताची फुलं आणि एकादशीच्या शुभेच्छा मात्र खुशाल काढा, व्हॉट्सअॅपच्या 'मॅनेज स्टोरेज'मध्ये जाऊन. त्यांची मूळ प्रत गावात प्रत्येकाकडे आहे.

सेवा केंद्रात नियम उलटा

आतापर्यंत जपण्याचं बोललो. आपले सरकार सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान, ऑनलाइन अर्ज भरून देणारं टेबल, इथे धोका नेमका उलट आहे. तिथल्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर अर्ध्या तालुक्याची आधार कार्डं, पासबुकं आणि टीसी पडलेल्या असतात. डाउनलोड्समध्ये आधार एक, आधार दोन, आधार सत्तावन्न. व्हॉट्सअॅप वेब दिवसभर उघडं. या फाइली दुकानदाराच्या नाहीत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ याचा रोखही तोच आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं, आणि दुसऱ्या कुठल्या कायद्याने ती ठेवणं भाग नसेल, तर ती पुसायची.

इथे आपोआप सफाई मनापासून लावा. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी अर्ज क्रमांकाचं एक फोल्डर करा आणि सगळी कागदपत्रं त्यातच स्कॅन करा, डेस्कटॉपवर एकही नको. प्रमाणपत्र हाती दिलं की ते फोल्डर 'काढायचं'मध्ये टाका. अर्जात त्रुटी निघून परत येण्याची शक्यता धरून थोड्या दिवसांची मुदत द्या, मग पुसा. विंडोजच्या स्टोरेज सेन्समध्ये रिसायकल बिन आणि डाउनलोड्स ठराविक दिवसांनी आपोआप रिकामं करण्याची सोय आहे. डाउनलोड्सची सोय सहसा बंद असते, ती मुद्दाम चालू करावी लागते. फक्त आधी बघून घ्या, काही महाभाग दुकानाचा सगळा हिशेब डाउनलोड्समध्येच ठेवतात. वनड्राइव्हने डेस्कटॉप क्लाउडवर चढवलेला असेल, तर तिकडचीही कचरापेटी रिकामी करा. गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगायचं तर, जिथे चालतं तिथे शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार द्या, आणि काम झाल्यावर 'माझ्या फाइली काढल्या का?' असं विचारायला लाजू नका.

साधं डिलीट केल्याने मात्र डेटा खरोखर जात नाही. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो परत काढता येतो. जुना कॉम्प्युटर विकताना किंवा दुरुस्तीला देताना हे गिऱ्हाइकांच्या दृष्टीने वाईट. तेव्हा विकण्याआधी विंडोज रीसेट करताना 'क्लीन ड्राइव्ह'चा पर्याय निवडा, किंवा जुनी हार्डडिस्क काढूनच घ्या.

स्टुडिओवाल्याच्या दृष्टीने हीच गोष्ट चांगली. चुकून कार्ड पुसलं गेलं, तर ते त्या क्षणी कॅमेऱ्यातून बाहेर काढा आणि त्यावर एकही नवा फोटो घेऊ नका. कार्डावरून फोटोरेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरने बरंच काही परत मिळतं, फक्त मिळालेलं त्याच कार्डावर न उतरवता दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं. फाइलींची नावं परत येत नाहीत, नव्याने लावत बसावं लागतं. कॉम्प्युटरच्या एसएसडीवरून पुसलेलं मिळण्याची आशा फार कमी, कारण ती डिस्क पुसलेली जागा आपणहून मोकळी करत असते. म्हणून 'उतरवलेलं' आणि 'काढायचं' ही दोन फोल्डरं जमल्यास साध्या फिरत्या हार्डडिस्कवर ठेवा. ती हळू चालते, स्वस्त मिळते, आणि चूक झालीच तर सुधारायला थोडा वेळ देते.